पाव टाकी डिझेल

शनिवार, २६ एप्रिल

गाडी: खळ्यात उभी. टाकी: पावाच्या जरा खाली. दोष: जनरेटर सुरू होत नाही.

चौतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होतो. ड्युटी संपली की लॉगशीट भरायची आणि शेवटी दोष लिहायचा, म्हणजे वर्कशॉपवाले बघत. रिटायर झालो तरी हाताची खोड जात नाही, म्हणून ही वही. आता दोष लिहिणारा मी आणि निस्तरणाराही मीच.

गाडी म्हणजे कॅराव्हॅन. गणपतीपुळ्याच्या बाळा लॉजवाल्याने पर्यटकांसाठी मिनीबस फोडून बनवून घेतली होती. आत पलंग, ओटा, संडास, पंखे, सगळं आहे. मागच्या बाजूला पत्र्याच्या पेटीत डिझेलचा जनरेटर. बाळाला ते प्रकरण झेपलं नाही, मी घेतली. चौतीस वर्षं लोकांना त्यांच्या त्यांच्या गावी पोचवलं, पण बायकोला एकदा खिडकीजवळ बसवून कुठे नेलं नव्हतं. म्हटलं, आता दोघं हिंडू. पण गाडी दारात आली आणि वर्ष व्हायच्या आत गुणवंतीची फुप्फुसं आखडायला लागली. आता तिच्या नाकाला नळी आणि उशाशी ऑक्सिजनचं मशीन. ते विजेवर चालतं. गाडी घरापुढच्या खळ्यात फणसाखाली उभी राहिली ती राहिलीच.

आज सकाळी लवूचा फोन आला. लवू म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचा, सखूअक्काचा मुलगा. दापोलीच्या आतल्या बाजूला त्यांचं गाव. अक्काने अन्न सोडलंय. "काका, आई सारखी मावशीचा नाव घेतेय. एकदा बघायची हाय म्हणते." ही चार वर्षांची असताना हिची आई गेली, हिला अक्कानेच वाढवलं. चार वर्षं झाली दोघींची भेट नाही.

मी लगेच सांगून टाकलं, आठ दिवसांत घेऊन येतो. फोन ठेवला, गाडीत गेलो, जनरेटरचं बटण दाबलं. घरघरला आणि गप्प.

सोमवार, २८ एप्रिल

अॅम्ब्युलन्सचं विचारून झालं. ती सोडून परत येणार, थांबणार नाही. एका दिवसात जाऊन-येऊन दहा तासांचा रस्ता हिला झेपणार नाही असं डॉक्टर म्हणाले. तिकडे राहायचं तर अक्काच्या गावात मे महिन्यात अर्धा दिवस लाईट नसते. गाडीतल्या बॅटऱ्यांवर मशीन चालतं ते जेमतेम तासभर. म्हणजे जनरेटर हवाच. तो चालू झाला की आम्ही अक्काच्या दारात गाडी लावून आठ दिवस राहू शकतो. तो चालू झाला नाही तर ही इथे आणि अक्का तिथे.

बॅटरीचे पोल घासले. ऑइल बघितलं, आहे. हवेचा फिल्टर झाडला, त्यातून कोळ्याचं जाळं निघालं. मग हातपंप मारून लाइनमधली हवा काढली आणि बटण दाबलं. सुरू झाला! चाळीस आकडे मोजेपर्यंत चालला आणि बंद पडला. पुन्हा हवा काढली, पुन्हा तेच. चारदा केलं.

डिझेलचा प्रश्न नाही. गाडीचं इंजिन आणि जनरेटर एकाच टाकीतून पितात, आणि इंजिन पहिल्या चावीला उठतं. मी टाकी कधी भरून ठेवत नाही. दहा लिटरला किती किलोमीटर, त्याला आमच्याकडे केपीटीएल म्हणत, त्यात डेपोत माझा हात धरणारा कोणी नव्हता. भरलेली टाकी म्हणजे फुकट वागवायचं ओझं. लागेल तसं दहा लिटर टाकायचं. बाळाने गाडी दिली तेव्हा टाकी काठोकाठ भरून दिली होती, उधळ्या माणूस. त्या दिवशी जनरेटर तासभर काय सुरेख चालला होता. बाळाला विचारावं का? नको. "ड्रायव्हर ना तुम्ही?" म्हणून हसेल.

बुधवार, ३० एप्रिल

एक दुखणं कमी होतं म्हणून विहिरीच्या, हिच्या शब्दांत बावीच्या, पंपानेही दगा दिला. मोटर चालू, पाणी नाही, नुसती हवा ओढतोय. जाऊन बघतो तर शेजारची सोनूबाई पोहरा टाकून आरामात कळशी भरतेय. "दादानू, पाणी हाय की खाली. तुमच्या पंपाचा तोंड वर रवला."

पाईप खाली सोडायला निघालो तर आतून हिने नळी ओढत दारापर्यंत येऊन अडवलं. पंप बसवला तेव्हा हिनेच ते तोंड तळापासून चार हात वर बांधायला लावलं होतं. "खालचा पाणी कळशीवाल्यांचा. पंपानं सगळा पिऊन टाकला तर वाडीनं मे म्हयन्यात काय करायचा?" त्या वेळी मी हो म्हटलं आणि दर उन्हाळ्यात पस्तावतो. बोलता बोलता हिला धाप लागली म्हणून वाद घातला नाही. पोहऱ्याने आठ कळश्या ओढल्या. पाठ गेली.

जनरेटरला आज हात लागला नाही.

शुक्रवार, २ मे

लग्नाच्या मंडपांना जनरेटर पुरवणारा ओमकार महामुश्किलीने आला. लग्नाचा सीझन, त्याला बसायला फुरसत नाही, चहासुद्धा उभ्याने. चालू करून दाखवला. सुरू होतोय आणि बंद पडतोय म्हणजे कंट्रोल कार्ड गेलं म्हणाला. पुण्याहून मागवावं लागेल, आठ-दहा दिवस.

"आठ दिवस नाहीत रे बाबा माझ्याकडे."

"काका, मग देवाला सांगा," म्हणाला आणि मोटरसायकलला किक मारून गेला.

माझाही तसा मेकॅनिक लोकांवर कधी विश्वास नव्हता. पण कार्ड मागवलं. तोवर मी माझं चालू ठेवतो. डिझेल फिल्टर बदलला. चाळीस आकडे चालला. नवा फिल्टर आणि तेच चाळीस आकडे.

रविवार, ४ मे

लवूने फोन अक्काच्या कानाला लावला. हिच्याशी बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, मुद्दाम बाहेर गेलो. मग हिने फोन माझ्याकडे दिला. अक्काचा आवाज कागद फाटल्यासारखा. "जावयबापू, आणताव ना माज्या पोरीला?"

मी म्हटलं, "आणतो अक्का. गाडी जरा दुरुस्तीला आहे."

"गाडी तुमची नेहमीच दुरुस्तीला," असं म्हणून ती हसली. खोकली की हसली, देव जाणे.

खरं आहे तिचं. दर मे महिन्यात हिने माहेरी जाऊया म्हणायचं आणि मी म्हणायचं, जादा गाड्यांची ड्युटी लागलीय, गणपतीनंतर बघू. गणपतीत तर काय, ड्रायव्हरला मरायला वेळ नाही. अशी चौतीस वर्षं. ही कधी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं असं आज वाटतंय.

हिला न्यायचंच. जनरेटर डोक्यावर घेऊन जावं लागलं तरी.

मंगळवार, ६ मे

सकाळपासून पेटीखाली उताणा. एकट्याने होत नाही. बटण आत आणि हवा काढायचा स्क्रू बाहेर. म्हणून घरातून वायर टाकून मशीन गाडीत नेलं, हिला पुढच्या सीटवर बसवलं. मी ओरडायचं "दाब", हिने दाबायचं. सात-आठ वेळा नीट चाललं. एकदा तर साठ आकडे चालला! मला वाटलं जमलं.

साडेदहाच्या सुमारास वरती हिचा फोन वाजला. मी ओरडलो, "दाब!" काही नाही. "दाब गं!" नाही. स्क्रूमधून डिझेल डोळ्यात उडालं. मी संतापलो, "गुणा, लक्ष कुठाय तुझं? बहीण तुझी ना? का माझी?" मग बटण दाबलं गेलं. जनरेटर काही बोलला नाही.

बाहेर येऊन बघतो तर ही स्टिअरिंगकडे बघत बसलेली. म्हटलं कोणाचा फोन? म्हणाली, "कंपनीचा. असाच."

डिझेलने डोळा चुरचुरतोय, आज पुरे.

बुधवार, ७ मे

जनरेटरची टाकीकडून येणारी रबरी नळी बदलली. हवा तिथूनच घुसत असणार अशी खात्री होती. पट्ट्या आवळल्या. पंचेचाळीस आकडे.

हिची तब्येत बरी दिसत नाही. सकाळी म्हणाली, गुडघे धरलेत, देवाला दिवा तुम्हीच लावा, मी देवाकडे येत नाही. मी लावला. वात सरळ राहीना, हिचं काम सोपं वाटायचं. सोनूबाईने ताजे बांगडे दिले होते. हिने बघितलेसुद्धा नाहीत, तोंडाला चव नाही म्हणून पेज घेतली. बांगडा सोडणारी बाई नाही ही! डॉक्टरांना फोन करून विचारलं. उन्हाळ्याने होतं म्हणाले.

शुक्रवार, ९ मे

आजही दिवा मीच लावला.

सोनूबाई दुपारी येऊन हिच्यापाशी तासभर बसली. दोघी काही बोलत नव्हत्या. मी पाणी प्यायला आत गेलो तर सोनूबाईने पदराने डोळे पुसले. लालभडक झालेले. सध्या डोळ्यांची साथ आहे म्हणतात, म्हणून मी तिला सांगितलं की हिच्या जवळ बसू नको, हिला लागण झाली तर आणखी पंचाईत. सोनूबाईने माझ्याकडे कसं बघितलं कोण जाणे. उठून गेली.

एक गोष्ट मात्र चांगली आहे. लवूचा रोज येणारा फोन मंगळवारपासून आलेला नाही. म्हणजे अक्काला उतार पडला असणार. मी हिला तसं म्हटलं. ही "व्हय" म्हणाली. मी म्हटलं फोन लावू का? तर म्हणाली, "नको. तुमी तुमचा काम करा. पन सावकाश करा, डोळा सांभाळा."

सावकाश! मी इथे जिवाचं रान करतोय आणि हिला घाई नाही. मी तोंडावर बोललो तसं.

सोमवार, १२ मे

कार्ड आलं. ओमकार आला, बसवलं. मी वाडीच्या देवाला नारळ बोलून ठेवला होता. बटण दाबलं.

चाळीस आकडे.

ओमकार म्हणाला, मग इंजेक्शन पंप असेल, खोलायला लागेल, मुंबईहून पार्ट, लग्नं संपली की बघू. त्याला पुढचं बोलू दिलं नाही, जा म्हणालो. तो गेल्यावर पाना घेऊन त्या पेटीवर मारला. पाच, सहा, किती वेळा ते मोजलं नाही. पत्रा चेपला, माझं मनगट सुजलं. मग तिथेच मातीत बसून रडलो. सदुसष्ट वर्षांचा माणूस, एकदाही गाडी रस्त्यात सोडून आलो नाही, आणि एवढ्याशा डब्यापुढे हरलो. अक्का वाट बघतेय. ती जाईल आणि मी हे नट आवळत बसलेला असेन.

दुपारी वाडीची लाईट गेली. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन चाललं, पण त्याच्या बॅटरीच्या काड्या उतरताना बघत आम्ही दोघं बसून होतो. लाईट आली तेव्हा दोन काड्या उरल्या होत्या. वाटेत, घाटात असं झालं असतं तर? मला जे समोर दिसलं ते इथे लिहीत नाही.

गुरुवार, १५ मे. सकाळ

दोन दिवस गाडीकडे फिरकलो नाही. काल जेवलोही नाही धड. आज सकाळी हिने हाक मारली, "जरा बसा माज्यापाशी." बसलो. एकोणीस दिवसांत पहिल्यांदा असा बसलो असेन.

म्हणाली, "त्या डब्याला काय झालाय ता मला सांगा."

"तुला काय कळणार त्यातलं?"

"मला नाय कळणार. पन तुमी सांगा तर. बोललाव म्हंजे हलका वाटंल."

म्हणून सांगितलं सगळं. हवा काढली की चालतो, चाळीस आकडे झाले की दम तोडतो. फिल्टर नवा, नळी नवी, कार्ड नवं. लाइनमध्ये पुन्हा हवा भरते, कुठून येते ते कळत नाही.

"डिझेल खातो कुटनं?"

"गाडीच्याच टाकीतून."

"आनि गाडी चालते?"

"तेच तर सांगतोय! गाडी चालते म्हणजे डिझेल आहे."

हिने नाकातली नळी सारखी केली. मग म्हणाली, "दोगांच्या नळ्या येगळ्या असतील ना टाकीत? त्याच्या नळीचा तोंड कुटपर्यंत हाय?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"आपल्या बावीसारखा. पंप हवा ओढतो, कळशी भरते."

मी तसाच उठलो. चप्पल कुठे होती मला माहीत नाही.

गुरुवार, १५ मे. संध्याकाळ

सोनूबाईला हिच्यापाशी बसवलं, गाडी काढली, पंपावर गेलो. पंपावरच्या माणसाने सवयीने विचारलं, "दहा लिटर?" म्हटलं, "फुल्ल कर." तो दोनदा विचारून खात्री करून घेत होता. घरी येऊन खळ्यात उभी केली, शेवटची हवा काढली, बटण दाबलं.

शंभर आकडे. दोनशे. मोजणं सोडलं. तासभर एका सुरात चालला. बाळाला फोन केला. तो हसलाच. "अहो दत्तारामभाऊ, पावाच्या खाली तो डिझेल उचलतच नाही. मुद्दाम नळी आखूड ठेवतात. जनरेटरने सगळी टाकी पिऊन टाकली तर माणसाने घरी कसं परतायचं?"

मी धावत आत आलो. "गुणा, लाव लवूला फोन! अक्काला सांग, उद्या सकाळी निघतो म्हणून!"

ही पलंगावर उठून बसलेली होती. हिने माझा हात धरला आणि खाली बसवलं.

"अक्का गेली," म्हणाली. "त्या मंगळवारीच. आज दहावा दिवस."

मला आधी कळलंच नाही. मग मंगळवार आठवला. फोन आठवला. मी बाहेरून काय ओरडलो ते आठवलं.

"मला का नाही सांगितलंस?" एवढंच तोंडातून निघालं.

"सांगितला असता तर तुमी म्हटला असताव, आता कशाला जायचा." हिच्या आवाजात राग नव्हता, तेच सोसवेना. "हत्यारा खाली ठेवली असतीव. मला जायचा हाय. ती नसली तरी माजा घर हाय ता. बाराव्याला मी तितं असायला होवी."

मी अगदी असंच म्हटलं असतं. शब्दही हेच.

ही बोलून दमली आणि मग रडली. नऊ दिवस हिने ते आत धरून ठेवलं होतं, श्वास पुरत नसलेल्या बाईने, माझ्या बटणाचं काम करत. मी हिला धरून बसलो. बाहेर जनरेटर चालू राहिला होता, बंद करायला कोणी उठलं नाही.

मग ही झोपल्यावर वही उघडली. मागची पानं वाचली. दिवा लावला नाही. बांगड्याला शिवली नाही. सोनूबाईचे डोळे. लवूचा फोन नाही. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. सोनूबाईला मी काय बोललो ते वाचून मान वर करवेना. तिच्याकडे जाऊन आलो. ती म्हणाली, "ऱ्हवदे दादानू. वयनींनी शपथ घातलेली."

शुक्रवार, १६ मे

आज अकरावा. पाच तास धरले तरी दुपारच्या आत पोचतो. लवूला रात्री फोन केला, तो म्हणाला, गाडी लावायला परड्याकडची जागा साफ करून ठेवतो.

मशीन जनरेटरवर लावलं, पाऊण तास तपासलं. अडीअडचणीला ऑक्सिजनचा तासाभराचा छोटा सिलिंडरही घेतलाय. पलंग घातला होता, पण ही पलंगावर आडवी व्हायला तयार नाही. पुढे बसणार, खिडकीजवळ. नळी तिथपर्यंत पुरते. हिने अक्काने दिलेलं हिरवं लुगडं नेसलंय. सोनूबाईने विहिरीच्या पाण्याची कळशी आणून गाडीत ठेवली, वाटेत लागेल म्हणून.

निघण्याआधी लॉगशीट भरतो.

प्रवासी: एक. टाकी: फुल्ल. दोष: चालकाचा. गाडी सुटण्याची वेळ: सहा वाजून दहा मिनिटं.